मोडलेले हाड कोण सांधते?



मोडलेले हाड प्लॅस्टरने सांधले जाते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः प्लॅस्टर हाडास केवळ जागच्या जागी धरून ठेवते. सांधण्याचे कार्य देह स्वतः करतो आणि त्याचा आरंभ होतो तो रक्तातील श्वेतपेशींपासून. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या म्हणून शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या, त्याच या.

हाड भंगताच रक्तवाहिन्या फुटून तेथे रक्त साकळते. काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी धावून येतात. त्यांच्या मागोमाग येतात त्या मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे एली मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटा टोचला, तो दुसऱ्या दिवशी काट्याभोवती अशा भक्षक पेशींचा वेढा पडलेला! १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या महाभक्षक पेशी प्रथम मृत पेशी व इतर केरकचरा गिळून जागा साफ करतात आणि दाह वाढवितात. काही दिवसांनी मात्र त्यांचे वर्तन पालटते. आता त्या दाह शमवून नव्या रक्तवाहिन्यांना व अस्थिजनक पेशींना चालना देतात. मग मऊ कूर्चेचा सांधा बनतो, आणि काही आठवड्यांत त्याचे हाड होते. पुढे तो ओबडधोबड सांधा कोरून सुबक करणाऱ्या अस्थिभक्षक पेशीही याच कुळातल्या! हे कोरीवकाम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. प्रयोगशाळेत उंदरांच्या शरीरातील महाभक्षक पेशी नाहीशा केल्या, तेव्हा त्यांचे हाड नीट सांधले गेले नाही.

तेव्हा पहिल्या दिवसांतील सूज ही सर्वस्वी वैरीण नव्हे. तेल चोळून ती 'उतरविण्याचा' प्रघात आपल्या काही घरांत अद्याप आहे. मला तो सर्वथा त्याज्य वाटतो. त्याने हाडाची टोके हलतात आणि साकळलेले रक्त, म्हणजे या पेशींची कर्मभूमीच, विस्कटते. मात्र प्लॅस्टरखाली बोटे बधिर वा निळसर झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

वार्धक्यात व मधुमेहात हा दाह वेळेवर शमत नाही, म्हणून हाड सांधण्यास विलंब लागतो. धूम्रपानानेही तोच परिणाम होतो. (आमच्या मंडळींच्या खिशातील विडीचे बंडल मला येथून दिसते आहे!) दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांपैकी काही याच दाहाला आवर घालतात. त्या किती दिवस घ्यावयाच्या, हे डॉक्टरांनाच विचारावे.