शाळेच्या आठवणी आणि गैरहजर मुले



माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे हा आता गोंदिया जिल्ह्याच्याही सामाजिक जीवनाचा एक भाग झाला आहे. पन्नास-पन्नास वर्षांपूर्वी मॅट्रिक झालेली माणसे नागपूर, भिलाई, पुणे, मुंबई येथून येतात, जुन्या वर्गातील बाकावर दाटीवाटीने बसतात, हयात असलेल्या गुरुजनांना शाल-श्रीफळ देतात आणि जेवण झाल्यावर आठवणी सांगत बसतात. कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. एखाद्या भागातील शिक्षणाचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्याला सरकारी अहवालांतून जे मिळत नाही, असे बरेच काही या आठवणींत सापडते, हे त्याचे उत्तर आहे. पुरावा अस्सल आहे. मात्र तो एकतर्फी आहे.

या आठवणींत पहिला मान असतो आगगाडीचा. गोंदिया हे गाव रेल्वेने वाढविले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेचा मोठा मार्ग येथून गेला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे व नागभीड-चांद्याकडे जाणारे अडीच फूट रुंदीचे मार्ग येथे येऊन मिळाले. लोक त्यांना ‘छोटी लाइन’ म्हणत. ज्या गावात चौथीच्या किंवा सातवीच्या पुढे शाळा नव्हती, त्या गावचा मुलगा या गाडीने हायस्कुलात येई. मोठ्या मार्गावर आमगाव, सालेकसा, तिरोडा. छोट्या लाइनवर हिरडामाली, सौंदड, अर्जुनी. गाडी उशिरा आली की पहिला तास बुडे आणि ते कारण शिक्षकांना मान्य करावे लागे. स्टेशनावरचा चहा, डब्यात पाठ केलेल्या कविता, पावसात भिजलेली पुस्तके यांविषयी ही मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. चांदा फोर्टकडील मार्ग नव्वदच्या दशकात रुंद झाला. जबलपूरकडील छोट्या लाइनवरची उरलीसुरली वाहतूक २०१५ साली थांबली. पण शाळेची घंटा आठवताना गाडीची शिटी आठवणारी पिढी अजून आहे.

दुसरा मान भातगिरण्यांचा. उसना तांदूळ शिजत असल्याचा वास, गिरणीच्या धुराड्यातून उडून वर्गात येणारी काजळी, धानाने भरलेल्या बैलगाड्यांची सकाळची रांग, हा शाळेचा शेजार होता. शाळेचे वेळापत्रक शिक्षण खाते ठरवीत असले तरी हजेरीचे वेळापत्रक धान ठरवी. पऱ्हे टाकून झाले, रोवणी सुरू झाली की ग्रामीण विद्यार्थ्यांची बाके रिकामी होत आणि पंधरा-वीस दिवसांनी चिखलाने फुटलेले पाय घेऊन मुले परत येत. ती परत येत, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

भाषेचा अनुभवही या भागाचा खास आहे. घरी पोवारी, गोंडी किंवा हलबी, बाजारात हिंदी, पेढीवर गुजराती वा मारवाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी, असा क्रम अनेकांचा होता. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे १९५५ साली पाचवीत बसलेला मुलगा मॅट्रिकला येईपर्यंत जागचा न हलता तीन राज्यांचा नागरिक झाला. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९९९ रोजी झाला. जुन्या दाखल्यांवर सर्वत्र ‘जिल्हा भंडारा’ असेच आहे.

येथवर सारे आनंदाचे आहे. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक अप्रिय सवय असते. कोणतीही वास्तू पाहिली की तिचा खर्च कोणी केला, असे तो विचारतो. या शाळा कोणाच्या पैशावर उभ्या राहिल्या?

मेळाव्यात या प्रश्नाचे उत्तर कोनशिलेवर वाचायला मिळते. दात्यांची नावे तेथे असतात आणि ती असावीत. विडी-व्यवसायातील उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि भंडारा जिल्ह्याच्या आडगावांपर्यंत माध्यमिक शिक्षण नेले, ही गोष्ट त्यांच्या राजकीय विरोधकांनीही मान्य करावी अशी आहे. सरकार जेथे पोहोचले नव्हते तेथे खाजगी दानातून शाळा झाली नसती, तर आज आठवणी सांगणाऱ्यांपैकी बरेचजण सातवीनंतर नांगराला जुंपले गेले असते. दात्याचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु दान हे संपत्तीतून होते आणि संपत्ती श्रमातून. या भागात तिचे दोन मोठे झरे होते. एक धान, दुसरी विडी.

विडीचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. एप्रिल-मे महिन्यांत जंगलात तेंदूची पाने तोडली जातात. पहाटे घर सोडायचे, दुपारपर्यंत पाने आणायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फडावर मोजून द्यायचे. हा हंगाम बरोबर शाळेच्या उन्हाळी सुट्टीत येतो. जूनमधील वह्या-पुस्तके पुष्कळ घरांत या पुडक्यांच्या पैशावर येत. पुढे ते पान व तंबाखू सट्टेदारामार्फत घराघरांत जाई. मांडीवर सूप घेऊन आई, आजी, मुली विड्या वळीत. मजुरी हजार विड्यांमागे. नीट न वळलेल्या म्हणून नाकारल्या जाणाऱ्या मालाला ‘छाट’ म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत. विडी कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६ साली झाला, कल्याण निधीचा १९७६ साली. परंतु घरी बसून काम करणाऱ्या बाईला ती कोणाची नोकर आहे हे सिद्ध करण्यातच वर्षे गेली. हजार विड्या एका व्यक्तीच्या नावावर लिहिल्या जात. प्रत्यक्षात त्या तीन जोड्या हातांनी वळलेल्या असत आणि त्यांतली एक जोडी दहा-बारा वर्षांच्या मुलीची असे.

विडी येथे निव्वळ धंदा नव्हती, राजकारणही तिच्याभोवती फिरे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा या द्विसदस्य मतदारसंघातून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी लोकसभेवर निवडून आले. ते भागीदार असलेल्या पेढीचा सैनिकांसाठी सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता. त्या कारणाने ते अपात्र ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. त्याच निकालात, महानुभाव पंथ स्वीकारल्याने महार उमेदवाराची जात संपत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. मतदाराला दोन मते होती. समाजवादी उमेदवार निवडून येतो आणि त्याच मतदारसंघात बाबासाहेब पडतात, हा निकाल काँग्रेसला जितके प्रश्न विचारतो तितकेच समाजवाद्यांनाही विचारतो. त्या वेळी शाळेत असलेली पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. तिच्यातील दलित वस्तीत वाढलेल्यांना ही निवडणूक आठवते. इतरांच्या शालेय आठवणींत ती क्वचितच येते. एकाच वर्गात बसलेल्या दोघांचा भूतकाळ एकच असतो असे नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्याचा गाभा हाच होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. गोंदियाच्या बाबतीत ‘महसूल’ या शब्दाच्या जोडीला ‘देणगी’ हा शब्द ठेवला की तेच विधान लागू पडते. ज्या मुलीने विड्या वळल्या तिच्या श्रमाचा एक अंश शाळेच्या भिंतीत गेला. ती स्वतः त्या भिंतीच्या आत किती वर्षे राहिली, एवढेच तपासायचे आहे.

हे तपासण्याचे साधन प्रत्येक शाळेत आहे. त्याचे नाव दाखल-खारीज रजिस्टर. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि शेवटी ‘शाळा सोडल्याचे कारण’. जातीच्या दाखल्याची पडताळणी आली की माणसे याच रजिस्टरातील आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधत शाळेच्या कार्यालयात खेटे घालतात. कारकून कंटाळतात, पण पुस्तक जपून ठेवतात. हा शेवटचा रकाना मात्र कोणी वाचत नाही. तेथे कोठे ‘घरगुती अडचण’, कोठे ‘सतत गैरहजर’ एवढेच असते. कारण विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असे आणि सांगणाऱ्यालाही. आकडेमोड करण्याआधीच एक गोष्ट उघड आहे. मेळाव्याच्या छायाचित्रात जी माणसे आहेत, ती त्या रकान्यात ‘उत्तीर्ण’ असे लिहिलेली आहेत. आठवणी सांगण्याचा अधिकारही उत्तीर्णांनाच मिळतो.

याचा अर्थ त्या काळी काही झाले नाही, असा नाही. बाराशे रुपयांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्यांना मिळालेली ई.बी.सी. फी-माफी, मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहे यांनी एक पिढी वर आली. अनेक शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून परीक्षेची फी भरली. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांचे कपडे धूत, हे सर्वांना माहीत असते. आपल्याच गावातील अशा शिक्षकाचे नाव मात्र मेळाव्यातच पहिल्यांदा कळते. पण फी-माफीने फी माफ होते, मुलीची मजुरी माफ होत नाही. तिने सूप खाली ठेवले तर त्या दिवशी घरात शे-दोनशे विड्या कमी. ही तूट भरून काढण्याची योजना कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती.

कोठारी आयोगाने १९६६ साली शेजारशाळेची कल्पना मांडली. परिसरातील सगळी मुले, मालकाची आणि मजुराची, एकाच शाळेत जावीत. गोंदियाच्या जुन्या हायस्कुलांत, पर्याय नसल्यामुळे का होईना, ही कल्पना थोडीफार प्रत्यक्षात होती. गिरणीमालकाचा मुलगा आणि गिरणीतील हमालाचा मुलगा एका बाकावर बसल्याच्या आठवणी माजी विद्यार्थी अभिमानाने सांगतात. त्यांची नातवंडे आज एका बाकावर बसत नाहीत. पैसेवाल्याची मुले इंग्रजी माध्यमाच्या बसमधून जातात आणि जुन्या शाळेत राहतात ती उरलेली मुले. ज्यांना या शाळेने घडविले त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरविली, हे सांगताना संकोच वाटतो खरा, पण ते सांगितले पाहिजे.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात ‘शेजारशाळा’ हा शब्द आहे. परंतु हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. हायस्कूल जेथे खऱ्या अर्थाने सुरू होते, त्या नववीच्या उंबरठ्यावर कायदा थांबतो. दाखल-खारीज रजिस्टरात मुलींची नावे जेथे गळू लागतात, तो हाच उंबरठा. दुसरीकडे २००१ पासून राज्यात नव्या शाळांसाठी ‘कायम विनाअनुदानित’ धोरण आले. ‘कायम’ हा शब्द २००९ साली काढला गेला, पण शिक्षकांना पगारासाठी त्यानंतरही आंदोलने करावी लागली. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे सरकारने काढले. राज्यात अशा शाळा सुमारे पंधरा हजार निघाल्या. सालेकसा, देवरीकडील जंगलपट्ट्यात वाडीची शाळा गेली की चौथीतल्या मुलीला रोजची वाट दुप्पट होते. सातवीनंतर गावाबाहेर जावे लागणाऱ्या आजोबांची जी कथा मेळाव्यात कौतुकाने ऐकली जाते, तीच नातीच्या वाट्याला तीन वर्षे आधी येणार आहे. आणि छोटी लाइन आता नाही.

विडीचा धंदा आज आकसला आहे. कल्याण निधीचा उपकर २०१७ साली जी.एस.टी. आल्यावर रद्द झाला. ज्या निधीतून विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळे, त्याचा स्वतःचा झरा त्या दिवशी आटला. सूप मांडीवरून उतरले, पण त्या हातांना दुसरे काम मिळालेच असे नाही. रोवणीच्या मजुरीसाठी किंवा शहरातील बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुले आजही जातात.

जिल्ह्यात येत्या काही वर्षांत अनेक शाळांचे सुवर्ण आणि हीरक महोत्सव येतील. स्मरणिका निघतील, वर्गणी जमेल. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी त्या समित्यांत जावे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन कोणत्याही एका वर्षाची, उदाहरणार्थ दहावीच्या पहिल्या शालान्त परीक्षेच्या १९७५ सालची तुकडी घ्यावी. पाचवीत दाखल झालेली नावे एका बाजूला, शालान्त परीक्षेला बसलेली दुसऱ्या बाजूला. नावे छापू नयेत. फक्त संख्या, मुलगे किती, मुली किती, कोणत्या इयत्तेत गळाल्या, शेवटच्या रकान्यात काय लिहिले आहे. हे दोन पानांचे काम आहे, आणि तीन दुपारी पुरतील. त्या मुलींपैकी ज्या हयात आहेत त्या बहुधा त्याच मोहल्ल्यात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. मेळाव्याचे निमंत्रण त्यांच्या घरी पोस्टाने पाठवण्याची गरज नाही. हातात नेऊन देता येईल.