दाब-नियामकाची मर्यादा

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत एक विद्यार्थी व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे दाब-नियामक, जुळवीत बसला आहे असें क्षणभर कल्पावें. आंत येणारा विद्युद्दाब कमीजास्त झाला तरी बाहेर 15 व्होल्टच द्यावे, हें या यंत्राचें काम. त्यांतील पहारेकरी म्हणजे ऑप-अँप. झेनर डायोडनें ठरवून दिलेल्या दाबाशीं तो बाहेरच्या दाबाचा अंश सतत ताडून पाहतो आणि फरक पडतांच, मुख्य प्रवाह वाहून नेणाऱ्या ट्रान्झिस्टरला आवरतो किंवा मोकळें सोडतो.

जुळणी बिनचूक असते. तरीहि वीज सुरू करतांच ऑप-अँप तापतो व निकामी होतो. विद्यार्थी तारा पुनःपुन्हा तपासतो. दोष सांपडत नाहीं. कारण दोष तारांत नसून हिशेबांत असतो.

ट्रान्सफॉर्मरवर 24 व्होल्ट हा आंकडा असतो, पण कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो. शिखर त्याच्या 1.414 पट, म्हणजे सुमारें 34 व्होल्ट. दोन डायोडांत दीडएक व्होल्ट खर्ची पडून साडेबत्तीस उरतात. भार नसतांना ट्रान्सफॉर्मर छापील आंकड्याहून अधिकच दाब देतो. त्यांत 230 व्होल्टची वीज दहा टक्के चढली, तर 36 ची रेषा सहज ओलांडली जाते.

741 हा ऑप-अँप फेअरचाइल्ड कंपनीनें 1968 सालीं बाजारांत आणला. त्याच्या 741सी या प्रकाराला दोन टोकांत अधिकांत अधिक 36 व्होल्ट सोसतात. एलएम358 च्या मूळ प्रकाराला अवघे 32. हे आंकडे नेहमींच्या वापराचे नव्हेत, विनाशाच्या उंबरठ्याचे होत. शिवाय ऑप-अँप जळून ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा राहिला, तर सारा दाब पुढच्या उपकरणावर कोसळतो.

उपाय साधा आहे. 15 व्होल्टांसाठीं 18 व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. कपॅसिटरवर सुमारें 24 व्होल्ट मिळतात आणि चढउताराला जागा राहते. अधिक दाब हवाच असेल, तर ऑप-अँपला झेनरनें मर्यादित केलेला निराळा पुरवठा द्यावा. मात्र तो फार कमीहि नसावा. ऑप-अँपचा निर्गम पुरवठ्याच्या दीड-दोन व्होल्ट खालींच थांबतो, व ट्रान्झिस्टर आणखी 0.7 व्होल्ट घेतो.

म्हणून ऑप-अँप सॉकेटमध्यें बसविण्यापूर्वीं, भार न जोडतां, कपॅसिटरवरील दाब व्होल्टमीटरनें मोजावा. या एका मोजणीनें अनेक संध्याकाळचे श्रम वांचतात.