पत्ता बदलतो, तारीख चुकते



दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील कितीतरी घरांना कुलपे लागतात. माणसे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांच्या पोटगीच्या प्रकरणात नेमके हेच आडवे येते. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, बाप भट्टीवर असतो. ‘मिळून आला नाही’ असा शेरा पडतो आणि तारीख पुढे ढकलली जाते. मूल मात्र रोज जेवायला मागते.

म्हणून कार्यकर्त्याने प्रथम भट्टीचा ठावठिकाणा काढावा. कोणत्या गावची हद्द, मालक कोण, मुकादम कोण, हे नमूद करून नव्या पत्त्याचा अर्ज न्यायालयात द्यावा. आईच भट्टीवर गेली असेल, तर तिचाही पत्ता कळवावा. तारखेस येणे अशक्य असल्यास तसा अर्ज वकिलामार्फत वेळेत गेला पाहिजे. न्यायाधीशांना खासगी पत्र लिहिणे वा कुणाकरवी निरोप धाडणे सर्वथा वर्ज्य. (पुढाऱ्याची चिठ्ठी नेण्याची आपल्याकडे हौस फार!) सांगायचे ते अर्जात सांगावे आणि त्याची प्रत दुसऱ्या पक्षास द्यावी.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. पत्नी जेथे राहते, तेथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. वकिलाची चिंता नको; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया व बालकांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरविले. नोकरदाराची वेतनचिठ्ठी असते. भट्टीवरच्या मजुराची कुठून असणार? तेथे हंगामापूर्वी घेतलेली उचल हाच धागा. ती किती होती, कोणासमक्ष दिली गेली, हे आईला बहुधा ठाऊक असते. ते शपथपत्रात आलेच पाहिजे.

आदेशाची प्रत तिला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. पैसे थकले, तर देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. तो शक्यतो हंगामाअखेर, भट्टीवर हिशेब होण्याच्या सुमारास द्यावा. आषाढात त्या बापाच्या हाती काही उरलेले नसते.