हृदयविकाराच्या झटक्यानंतर किडनीची काळजी

तारापूरच्या कारखान्यात पाळी चालू असताना एखाद्या कामगाराच्या छातीत कळ येते. बोईसरला ईसीजी होतो, आणि तिथून कुणाला मुंबईला हलवतात, कुणाला वापीला. अँजिओप्लास्टी होते, चार दिवसांत पेशंट घरी येतो. घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण किडनीचं काय झालं, हे अजून कळायचं असतं.

हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. हृदयविकाराच्या झटक्याने हृदयाचा जोर ओसरला, रक्तदाब पडला, की तो पुरवठा कमी होतो. त्यात अँजिओग्राफीत टोचलेल्या डायचा ताण. मधुमेही, वयस्कर आणि किडनी आधीच अधू असलेल्यांना धोका जास्त. मात्र डायच्या भीतीने अँजिओप्लास्टी लांबवू नका. झटका आल्यावर बंद पडलेली रक्तवाहिनी वेळेत उघडणं आधी महत्त्वाचं.

किडनी बिघडली तरी सहसा दुखत नाही. बिघाड कळतो तो रक्तातल्या क्रिएटिनिनवरून. ते दोन-तीन दिवसांत चढतं आणि बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. काहींचं मात्र उतरत नाही. शिवाय झटक्यानंतर रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी हृदयाची औषधं सुरू झालेली असतात. ती मनाने बंद करू नका. पण सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला हवं. त्यासाठी मुंबईची गाडी पकडायला नको. पालघर-बोईसरच्या लॅबमध्ये हे काम होतं.

आणखी एक. भट्टीसमोर, बॉयलरपाशी उभं राहून कंबर धरली, की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी आणायची आपल्याकडे सवय आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयाला आणि किडनीला, दोघांनाही ती घातक. शेजारी सांगतात म्हणून तांब्याच्या तांब्या पाणीही पिऊ नका. हृदय कमजोर असेल तर जास्तीचं पाणी फुप्फुसात साठतं. किती प्यायचं, ते डॉक्टरांनाच विचारा.

लघवी एकदम कमी झाली, पायांवर सूज आली, धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. त्यावरचा क्रिएटिनिनचा आकडा डॉक्टरांना दाखवा आणि आजचा किती, हे आवर्जून विचारा.