तक्त्यातले शून्य

(आपल्या सेवाकार्याच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या वर्षी याच मेळाव्यात मी तुम्हांला एक तक्ता दाखवला होता. सातपुड्यातल्या आपल्या दवाखान्यात किती बाळंतपणे झाली, किती मुलांना लसी दिल्या, असे आकडे त्यात होते. शेवटची ओळ अशी होती: ‘हृदयविकाराच्या झटक्याने दवाखान्यात मृत्यू – शून्य.’ तुम्ही टाळ्या वाजवल्या. आज मी त्या शून्याबद्दल बोलायला उभी आहे. ते शून्य चुकीचे नव्हते, पण खरेही नव्हते.

त्याच वर्षी पावसाळ्यात एका पाड्यावरून एका आबांना झोळीतून आणले होते. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. घरच्यांनी पित्त समजून ओवा दिला, मग भगताला बोलावले, मग नाल्याचे पाणी उतरायची वाट पाहिली. आमच्याकडे पोहोचेपर्यंत दुपार झाली. ईसीजीची पट्टी पाहून डॉक्टरांनी लगेच ॲस्पिरिन दिली आणि गाडी करून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रवाना केले. रजिस्टरात नोंद झाली, ‘पुढे पाठवले.’ दोन महिन्यांनी मी दुसऱ्या कामासाठी त्या पाड्यावर गेले. आबांची चौकशी केली, तर त्यांची बायको म्हणाली, “ताई, ते तर वाटेतच गेले.”

आमच्या वहीत ते ‘पुढे पाठवले’ होते. मोठ्या रुग्णालयाच्या वहीत ते पोहोचलेच नव्हते. म्हणजे कागदावर आबांचा मृत्यू कुठेच झाला नव्हता. आणि त्याच कागदावरून मी तुम्हांला शून्य दाखवले.

तेव्हापासून एक प्रश्न मनाला लागला. हृदयविकाराच्या रुग्णांवर एखादे रुग्णालय चांगले उपचार करते की नाही, हे मोजायचे कसे? जगात यावर पुष्कळ काम झाले आहे, आणि चुकाही झाल्या आहेत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या सर्वांना हातात दिवा घेतलेली परिचारिका म्हणून माहीत आहे. ती आकडेशास्त्रातही निष्णात होती. १८६३ साली तिने इंग्लंडमधील रुग्णालयांचे मृत्यूचे आकडे छापले. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांत शेकडा ९० हून अधिक मृत्यू दिसत होते! डॉक्टर खवळले, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. कारण वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठरावीक दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. वर्षभरात किती रुग्ण आले, हे धरलेच नव्हते. पण एकदा रुग्णालयांची तुलना सुरू झाली, ती थांबली नाही.

पुढे बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे शल्यचिकित्सक झाले. त्यांचा आग्रह साधा होता: रुग्ण घरी गेला म्हणजे काम संपले असे नाही, पुढे त्याचे काय झाले ते रुग्णालयाने शोधलेच पाहिजे. सहकाऱ्यांना ते रुचले नाही. मग त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले आणि १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांचा हिशेब छापला. त्यात स्वतःच्या १२३ चुकाही कबूल केल्या. आपण मंडळीत पापकबुलीबद्दल बोलतो, पण वार्षिक अहवालात आपली चूक छापायला किती धैर्य लागते, हे मला यंदा कळले.

आता झटक्याकडे येऊ. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते आणि पुढचा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन किंवा वाहिनीत फुगा घालून ती वाट जितक्या लवकर मोकळी होईल तितके हृदय वाचते. म्हणून रुग्णालयांची पहिली परीक्षा घड्याळाने घेतली गेली. रुग्ण दारात आल्यापासून फुगा फुगवेपर्यंत ९० मिनिटांहून अधिक लागू नयेत, असे अमेरिकेत ठरले. तिथल्या रुग्णालयांनी कंबर कसली. कुठे रुग्णवाहिकेतूनच ईसीजी पाठवू लागले, कुठे एका फोनवर सगळी तुकडी बोलावू लागले. २००५ मध्ये हा मधला काळ ९६ मिनिटे होता, तो २०१० पर्यंत ६४ मिनिटांवर आला. ही मोठीच गोष्ट आहे.

पण २०१३ साली तिथल्याच संशोधकांनी दाखवले की वेळ घटला तरी रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले होते, शेकडा पावणेपाचच्या आसपास. असे का झाले, यावर बरीच चर्चा झाली. त्यातले एक कारण आपल्याला लगेच पटेल. रुग्णालयाचे घड्याळ दारात सुरू होते, रुग्णाचे मात्र छातीत कळ येते तेव्हाच सुरू झालेले असते. आमच्या आबांचे घड्याळ पहाटे सुरू झाले. आम्ही ते दुपारी पाहिले.

दुसरे माप आहे ते मृत्यूंचे. त्यात दोन काळज्या घ्याव्या लागतात.

पहिली, रुग्ण सारखे नसतात. एका रुग्णालयात पन्नाशीचे, वेळेवर आलेले लोक येतात. दुसऱ्यात ऐंशीच्या वयाचे, मधुमेह असलेले, उशिरा पोहोचलेले. दुसऱ्याचे मृत्यू अधिक दिसले म्हणून ते वाईट ठरत नाही. वय, रक्तदाब, झटका किती मोठा होता, हे हिशेबात घेऊन मगच तुलना करायची. तसे केले नाही तर गंभीर रुग्ण नाकारणारे रुग्णालय पहिले येईल, आणि सर्वांना आत घेणारे शेवटचे!

दुसरी, मृत्यू मोजायचा तो खाटेवरचा नव्हे, तर तीस दिवसांच्या आतला. मग तो घरी होवो, वाटेत होवो की दुसऱ्या रुग्णालयात. अमेरिकेत वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने २००७ पासून असे तीस दिवसांचे निकाल रुग्णालयवार जाहीर करायला सुरुवात केली. स्वीडन आणि ब्रिटन या देशांत तर झटक्याच्या रुग्णांची देशभर नोंद होते. २००४ ते २०१० च्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा तीस दिवसांतले मृत्यू स्वीडनमध्ये शेकडा ७.६ आणि ब्रिटनमध्ये १०.५ निघाले. रुग्णांतला फरक हिशेबात धरूनही अंतर उरलेच. फुग्याचा उपचार आणि काही औषधे स्वीडनने लवकर सर्वत्र पोहोचवली होती. अशी तुलना झाली नसती, तर ब्रिटनला आपण मागे आहोत हे कळले नसते.

आपल्या देशाचे काय? २००८ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत आलेले वीस हजारांहून अधिक हृदयरुग्ण तीत होते. निम्म्या रुग्णांना रुग्णालयात पोहोचायला सहा तास किंवा त्याहून अधिक लागले होते. तीस दिवसांत श्रीमंतांपैकी शेकडा ५.५ दगावले, गरिबांपैकी ८.२. आणि पुढची गोष्ट ऐका. उपचारांतला फरक हिशेबात धरला तेव्हा मृत्यूंमधले हे अंतर नाहीसे झाले. म्हणजे गरिबाचे हृदय वेगळे नव्हते, त्याला मिळालेले उपचार वेगळे होते. आणि ही शहरांतली पाहणी होती. आपल्या पाड्यांचा तर त्यात समावेशही नव्हता.

पण निराश होऊ नका. तमिळनाडूत चार मोठ्या रुग्णालयांना भोवतालची छोटी रुग्णालये जोडली. ईसीजी लगेच पुढे पाठवायचा, जवळच गुठळीचे इंजेक्शन द्यायचे आणि मग मोठ्या रुग्णालयात हलवायचे, अशी साखळी बांधली. आधीचे आणि नंतरचे रुग्ण ताडून पाहिले, तर वर्षभरातील मृत्यू शेकडा १७.६ वरून १४.२ वर आले होते. त्यांनी रुग्णांचा वर्षभर मागोवा ठेवला होता, म्हणून हे कळले.

आता आपल्याबद्दल. आपल्याकडे वर्षाला असे मोजकेच रुग्ण येतात. एवढ्या थोड्या संख्येत टक्केवारी काढून दुसऱ्या दवाखान्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. एका मृत्यूनेही आकडा कुठल्या कुठे जातो. आपल्याला प्रत्येक रुग्णाचा हिशेब ठेवायचा आहे. म्हणून रजिस्टरात आम्ही चार नवे रकाने आखले आहेत. कळ केव्हा सुरू झाली? आपल्या दारात केव्हा पोहोचले? ईसीजी किती मिनिटांत झाला? आणि तिसाव्या दिवशी माणूस कसा आहे?

चौथा रकाना सगळ्यांत अवघड आहे. तिथे फोन लागत नाही. आमच्या आरोग्यसेविकेला डोंगर चढून जावे लागेल. आणि त्याच फेरीत पाड्यावर सांगता येईल की छातीत कळ, घाम, डाव्या हातात वेदना असेल तर ओव्यावर वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर झोळी बांधा आणि निघा. पहिल्या रकान्यातला वेळ कमी होईल तो या कामामुळेच.

तुमच्याकडे माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी तक्ता पाहताना टाळ्या वाजवण्याआधी आम्हांला विचारा, “तिसाव्या दिवसाचे काय?” त्या वर्षी कदाचित शून्य नसेल. तरीही आमच्या पाठीशी उभे राहा. सेविकेच्या फेऱ्यांसाठी दान द्या आणि तिच्यासाठी प्रार्थना करा.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जखमा बांधल्या, जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, इथवर सगळ्यांना आठवते. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. निघताना उतारशाळेच्या मालकाला, परत येताना हिशेब पुरा करीन, असे सांगून तो गेला. आम्ही आबांना गाडीत बसवले आणि तिथेच थांबलो. यापुढे आम्ही पुन्हा जाऊन पाहू.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.