सामू : आकड्यामागील माप



शताब्दीच्या मंगल प्रसंगी ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून साहित्यावर चार शब्द बोलावेत, असा संकेत आहे. तो मोडून मी आज रसायनशास्त्रातील एका आकड्याविषयी बोलणार आहे. त्या आकड्याचे नाव सामू. इंग्रजी शाळेत शिकणारी आपली मुले त्याला पीएच म्हणतात. खानदेशात ज्यांची शेती आहे त्यांनी माती परीक्षणाच्या कागदावर 'जमिनीचा सामू' हे शब्द वाचलेले असतील. सुरतेत मात्र हा आकडा शेतापेक्षा गिरणीत अधिक भेटतो. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांची चूल रंगाई-छपाईच्या धंद्यावर पेटते. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

प्रथम शब्दांचाच विचार करू, कारण अडचण तेथूनच सुरू होते. मराठी पाठ्यपुस्तकात तीन संज्ञा आहेत : आम्ल, आम्लारी आणि क्षार. आम्ल आणि आम्लारी एकमेकांत मिसळले की क्षार आणि पाणी तयार होते. मिठाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गुजराती पुस्तकातही क्षार म्हणजे हाच तिसरा पदार्थ. हिंदीत मात्र आम्लारीला क्षारक म्हणतात, दाहक सोड्यासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला क्षार म्हणतात, आणि आपण ज्याला क्षार म्हणतो त्याला लवण. घरी मराठी, बाजारात गुजराती आणि गिरणीत हिंदी बोलणाऱ्या सुरतकर मराठी माणसाच्या कानावर एकच शब्द दोन अर्थांनी पडतो. एका अर्थाने तो निरुपद्रवी मीठ सुचवतो, तर दुसऱ्या अर्थाने कातडी जाळणारा दाहक सोडा. विद्यार्थ्याचा यात एखादा गुण जाईल. कामगाराचा डोळा जाऊ शकतो.

पदार्थांची ओळख तशी आपल्या स्वयंपाकघरात फार जुनी आहे. चिंच, आमसूल, लिंबू ही आम्ले. चुना, पापडखार, धुण्याचा सोडा ही आम्लारीच्या बाजूची मंडळी. वरणाचा पिवळा डाग साबण लागताच तांबडा होतो, तेव्हा हळद दर्शकाचे काम करीत असते. हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हाच गुण वापरला. परंतु दर्शक केवळ बाजू सांगतो. किती आम्ल, किती आम्लारी, हे सांगायला आकडा लागतो.

हा आकडा येतो कोठून? शुद्ध पाण्याचे काही रेणू स्वतःच फुटतात आणि हायड्रोजन व हायड्रॉक्साइड असे दोन आयन समप्रमाणात देतात. हे प्रमाण अत्यल्प असते. २५ अंश सेल्सिअसला सुमारे पंचावन्न कोटी रेणूंमागे एक! रसायनाच्या भाषेत, एका लिटरमध्ये हायड्रोजन आयनांचे दहाचा उणे सातवा घात इतके मोल. आम्ल घातले की हायड्रोजन आयन वाढतात आणि हायड्रॉक्साइड आयन त्याच पटीत घटतात. आम्लारी घातली की उलट होते. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग मद्यनिर्मिती संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारे सोरेन सोरेनसेन यांना असे शून्यांनी भरलेले अपूर्णांक लिहिणे गैरसोयीचे वाटले. १९०९ साली त्यांनी युक्ती सुचवली की, दहाचा जो उणे घात असेल तेवढाच आकडा लिहावा. गणिताच्या भाषेत हा ऋण लॉगरिथम. शुद्ध पाण्याचा सामू ७ झाला तो असा.

गणित पाहा. एका लिटर द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्लाचा ०.०१ मोल असेल, तर सामू २. तितकाच दाहक सोडा असेल, तर हायड्रॉक्साइडच्या बाजूने २ येतात. ते १४ मधून वजा केले की सामू १२. आकडा कमी तेवढे आम्ल जास्त, हे विद्यार्थी पाठ करतात. त्यांच्या मनात उतरत नाही ती गोष्ट पुढची आहे : सामूची प्रत्येक पायरी दहा पटींची असते. सामू ३ चे पाणी सामू ६ च्या पाण्याच्या दुप्पट आम्ल नसते, हजारपट असते. सामू २ आणि सामू ४ असलेली तीव्र आम्लाची दोन द्रावणे समप्रमाणात मिसळली तर सरासरीने ३ येईल, असे वाटते. प्रत्यक्षात येतात २.३. पहिल्यातील आयन दुसऱ्याच्या शंभरपट असल्यामुळे दुसरे द्रावण जवळजवळ साध्या पाण्यासारखेच वागते. लॉगरिथमची सरासरी काढायची नसते. आधी मूळ प्रमाणाकडे परत जायचे असते.

आता हे गणित गिरणीत नेऊ. पॉलिएस्टरचे कापड १३० अंशांच्या आसपास रंगवताना रंगाच्या पाण्याचा सामू ४.५ ते ५.५ ठेवावा लागतो. त्यासाठी ॲसेटिक आम्ल घालतात. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग पक्का बसवायचा, तर धुण्याचा सोडा घालून सामू ११ च्या जवळ न्यावा लागतो. पॉलिएस्टरला रेशमासारखा मऊपणा यावा म्हणून दाहक सोड्याने त्याचा पृष्ठभाग झिजवतात. एकाच वसाहतीतून असे परस्परविरोधी पाणी बाहेर पडते. देशाच्या पर्यावरणविषयक सर्वसाधारण मानकानुसार नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ या मर्यादेत असावा लागतो.

समजा, सामू ३ असलेले तीव्र आम्लाचे एक लाख लिटर पाणी आहे. त्यात १०० मोल आम्ल आहे. चार किलो दाहक सोड्याने त्याचे उदासिनीकरण होते. तेच काम नुसते पाणी ओतून करायचे, आणि सामू ६ वर आणायचा, तर एकूण पाणी दहा कोटी लिटर व्हावे लागेल. शिवाय एवढे करूनही आम्ल नाहीसे झालेले नसते, केवळ पसरलेले असते.

येथे सामूची दुसरी खोडी लक्षात घेतली पाहिजे. ॲसेटिक आम्ल सौम्य आहे. त्याचे बहुतांश रेणू न फुटता पाण्यात दबा धरून बसतात. लिटरमागे ०.१ मोल ॲसेटिक आम्ल असेल तर सामू सुमारे २.९ येतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचे तेवढाच सामू असलेले एक लाख लिटर पाणी सुमारे पाच किलो दाहक सोड्याने शांत होईल. या ॲसेटिक आम्लाच्या पाण्याला मात्र चारशे किलो लागेल. सोडा जसजसा घालावा तसतसे दडलेले रेणू फुटत राहतात. तात्पर्य, सामू त्या क्षणी मोकळे असलेले आयन मोजतो, साठा मोजत नाही. दारात उभे असलेले पाहुणे मोजून घरातली माणसे कळत नाहीत, तसेच हे आहे.

श्रोतेहो, हे गणित केवळ परीक्षेचे नाही, हे सुरतेने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक द्रव बेकायदा नाल्यात सोडला जात होता. त्यातून पसरलेल्या विषारी वायूने सहा जणांचा बळी घेतला आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. बाधितांत शेजारच्या रंगाई-छपाईच्या गिरणीतील कामगार होते. तो द्रव सोडियम हायड्रोसल्फाइडचा होता आणि नाल्यातील आम्लयुक्त सांडपाण्याशी त्याचा संयोग झाला, असे चौकशीत पुढे आले.

याचा अर्थ सामूच्या शिडीवर लावून पाहू. हायड्रोसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू ही एकाच पदार्थाची दोन रूपे आहेत. सामू ११ असेल तर दहा हजारांत एक भाग वायूच्या रूपात असतो. सामू ९ वर शंभरात एक, सामू ७ वर निम्मा आणि सामू ५ वर शंभरातील नव्याण्णव भाग! टँकरमध्ये अल्कधर्मी अवस्थेत जो द्रव बऱ्याच अंशी बांधलेला होता, तो आम्लाची गाठ पडताच प्रत्येक पायरीला मोकळा होत गेला. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास प्रथम येतो खरा. पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते, आणि वास थांबला म्हणजे धोका टळला, असा माणसाचा समज होतो.

त्या पहाटे जे घडले ते कोणी केले, हा न्यायालयाचा प्रश्न. 'पाण्यात सोडले की संपले' ही समजूत मात्र आपल्या सर्वांची आहे आणि ती आपल्या घरांतही नांदते. संडास स्वच्छ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नयेत, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो; हे किती घरांत ठाऊक आहे?

या संदर्भात सुरतेच्या एका सुपुत्राचे स्मरण करणे उचित ठरेल. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३–१९२०) यांचा जन्म याच शहरातला. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन उभे राहिले, त्यामागे गज्जरांची दृष्टी होती. रंगकाम हा त्यांचा खास विषय. कारागिराला धंद्यामागचे शास्त्र त्याच्या स्वतःच्या भाषेत कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. एका गुजराती रसायनशास्त्रज्ञाने आणि एका मराठी राजाने मिळून जे आरंभिले, त्याचा वारसा सांगण्याचा अधिकार सुरतेच्या मराठी ग्रंथालयाइतका आणखी कोणाला असेल?

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने माझी एकच विनंती आहे. आपल्या कपाटांत कथा-कादंबऱ्यांशेजारी एक फळी अशी असावी की, जिच्यावर आपल्या वाचकाच्या हाताशी रोज येणाऱ्या पदार्थांचे ज्ञान मराठीत मिळेल. आणि त्या पुस्तकांत क्षार या शब्दाशेजारी त्याचा हिंदीतला अर्थही नोंदलेला असेल. रात्रपाळीहून परतणारा एखादा तरुण ते पान उघडील आणि पिंपावरच्या शब्दाचा अर्थ समजून घेईल. तो ज्या दिवशी म्हणेल, "हे नाल्यात सोडायचे नाही, तिथे आम्ल आहे," त्या दिवशी या शंभर वर्षांच्या ज्ञानसेवेचे सार्थक झाले, असे मी समजेन.