भूकंपानंतरच्या जाहिराती



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. २६ जानेवारी २००१ रोजी भूज शहर उद्ध्वस्त झाले. त्या भूकंपात गुजरातेतील सिमेंटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. अशा सावरणाऱ्या गावाला जाहिरात ‘भूकंपरोधक’ सिमेंट वा सळई देऊ करते. परंतु पोत्यावरच्या शब्दाने घर तगत नाही. भिंतींना चहूबाजूंनी आवळणारे काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांची घट्ट सांधणी आणि हलके छप्पर त्याला तारतात. आपल्या बेळगाव-निपाणीकडेही दगडमातीची जुनी घरे आहेत. तेव्हा हा विषय परका नव्हे.

म्हणून ग्रंथालयास एक विनंती. वृत्तपत्रांच्या फायली बांधताना जाहिरातींची पाने वगळू नयेत. बातमी विध्वंसाचा दिवस सांगते. पुढे माणसे कशाला भ्याली आणि त्या भीतीचे मोल कोणी किती लावले, हे जाहिरातीतून कळते. त्या फायलींशेजारी घरबांधणीचे शास्त्र सांगणारे एखादे पुस्तकही अवश्य असावे.